कोपऱ्याला दोन दोर

बुधवारी संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाने, निकासिओने, आमचं तरंगतं बेट एक तृतीयांश कापलं. पुढे कापता आलं नाही, कारण आई आपलं स्टूल घेऊन करवतीच्या रेघेवर येऊन बसली.

भांडण मिटत नसलं की बेट कापायचं, ही आमची रीत. जमिनीवरचे लोक भिंत घालतात, कोर्टात जातात, पिढ्यान्‌पिढ्या वकील पोसतात. आम्ही झाडं कापायची दोन मुठींची करवत आणतो, टोटोराचे थर नि खालचे मुळांचे ठोकळे आरपार कापतो, आणि आपापला अर्धा भाग घेऊन वेगळे होतो. टोटोरा म्हणजे आमचा लव्हाळा; ती तळ्याच्या पाण्यात उगवते, आम्ही तिच्यावर राहतो, तिचंच घर बांधतो, तिचीच नाव करतो. कापायला किती वेळ लागणार! दोन भाऊ दोन मुठींना असले, तर दुपारपर्यंत बेटाचे दोन तुकडे होतात.

"कापा की," आई म्हणाली. "आधी मला कापा. डावा पाय थोरल्याला द्या, उजवा धाकट्याला. तसेही दोन्ही गुडघे कामातून गेलेत, कुणाला तोटा नाही."

"आई, ऊठ ना गं. अंधार पडतोय," निकासिओ म्हणाला.

"पडू दे. आंधळ्यांना काय फरक पडतो?"

शेवटी करवत तिथेच रेघेत अडकवून ठेवली आणि ठरलं, उरलेलं शुक्रवारी. गुरुवारी मला पाहुणे होते, आणि निकासिओला नव्या खांबांची सोय करायची होती.

भांडण माझ्या कयाकांवरून होतं. सहा वर्षांपूर्वी मी दोन जुन्या कयाक, वल्ह्याच्या अरुंद प्लास्टिकच्या होड्या, घेतल्या, एक एका माणसाची, एक दोघांची. काठावरच्या पुनो शहरातून येणारे पाहुणे मोटारबोटीच्या धुराला कंटाळलेले असतात, त्यांना वल्हं मारत टोटोराच्या रानातून फिरायचं असतं. मी त्यांना दिवसभर फिरवतो, दोन-तीन बेटं दाखवतो, जेवू घालतो. कयाकांना खुलं पाणी लागतं म्हणून तीन वर्षांपूर्वी मी हट्टाने आमचं बेट रानाच्या आतून काढून अगदी बाहेरच्या कडेला आणून बांधलं. निकासिओ तेव्हाही कुरकुरला होता. "तुझ्या प्लास्टिकच्या केळ्यांपायी आम्ही वाऱ्याच्या तोंडी मरायचं," म्हणाला. पुढे पाहुणे यायचे ते माझ्या बाजूला उतरायचे, माझ्या बायकोचं, फोर्तुनाताचं, भरतकाम विकत घ्यायचे, आणि निकासिओची बायको बासिलिया समोर आपल्या चादरी पसरून बसून राहायची. मग दोन जावांचं बोलणं बंद झालं. मग आमचंही.

आता दोरांचं सांगतो, कारण सगळं दोरांपाशीच आहे.

बेटाला चार कोपरे. प्रत्येक कोपऱ्यावर खुंट ठोकलेले, तिथून दोर निघतो, पाण्याखालून जातो आणि तळ्याच्या गाळात रोवलेल्या निलगिरीच्या खांबाला बांधलेला असतो. मुलाचं लग्न झालं की त्याने आपले चार दोर, चार खांब आणायचे आणि चारी कोपऱ्यांना लावायचे. वडील गेल्यावर त्यांचे दोर कुजून गेले. राहिले माझे चार पिवळे, निकासिओचे चार निळे. म्हणजे कोपऱ्याला दोन दोर. एकावरही बेट राहतं. दुसरा असतो तो मानासाठी.

माझे पिवळे दोर गेल्या वर्षी घेतलेले, नवे कोरे. बुधवारी रात्रभर माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. शुक्रवारी बेट दोन होणार, माझे दोन कोपरे निकासिओच्या वाटणीत जाणार, आणि तो म्हणणार, 'दादा, दोर राहू दे ना, खांब रोवलेलेच आहेत.' आणि आई म्हणणार, 'राहू दे रे, धाकटा आहे.' आयुष्यभर हेच ऐकत आलोय. म्हणून गुरुवारी पहाटे, सगळे झोपेत असताना, मी माझ्या कयाकमधून चारी खांबांकडे गेलो आणि माझे चारी दोर सोडून घेतले. निकासिओचे निळे दोर जागेवर आहेत हे बोटांनी चाचपून पाहिलं. एवढा काही मी वेडा नाही. मग दोर गुंडाळून कयाकच्या मागच्या कप्प्यात कोंबले.

आणि आणखी एक केलं. माझे खुंट उघडे दिसले असते तर निकासिओ उठल्याउठल्या बोंबलला असता. म्हणून चारी कोपऱ्यांवर मी हिरवी, ओली टोटोरा पसरली. आम्ही दर दोन आठवड्यांनी नवा थर पसरतोच. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

सातला आमच्या कोम्पाद्रेची, म्हणजे घरोब्याच्या दोस्ताची, तिबुर्सिओची मोटारबोट आली. तिच्यातून माझे पाहुणे उतरले आणि आमच्या दोघांच्या बायका पुनोच्या बाजाराला जायला चढल्या, एक पुढच्या टोकाला, एक मागच्या टोकाला. मधे बटाट्याची पोती. मुलं शाळेच्या बोटीने आधीच गेली होती.

"आई, तूही जा ना बाजाराला," मी म्हणालो.

"मी गेले की तुम्ही कापाल," आई म्हणाली आणि स्टूलावर बसून टोटोरा सोलू लागली. त्या रेघेवरच, करवतीशेजारी.

पाहुणे आरेकिपाचे होते, दाताचे डॉक्टर उगार्ते आणि त्यांची बायको ग्लॅडिसबाई. डॉक्टरांचा आवाज मोठा, टोपी त्याहून मोठी. त्यांना दोघांच्या कयाकमध्ये बसवलं, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि निघालो. निकासिओ तेव्हा आपल्या झोपडीच्या दारात उभा राहून दात घासत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. पन्नास वेळा तरी तो क्षण मी परत आठवून पाहिला असेन. एक शब्द बोललो असतो तर, शिवी का असेना.

ऑगस्टचा महिना वाऱ्याचा. सकाळी आरशासारखं पाणी, बारानंतर पुनोच्या डोंगरावरून वारा उतरतो आणि सगळं ढवळून तळ्याच्या मोठ्या, खुल्या पाण्याकडे ढकलतो. म्हणून माझा नियम, एकच्या आत घरी. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी आम्ही तळ्याला नैवेद्य म्हणून कोकाची पानं, मिठाई, थोडी चरबी देतो. दोन घरांपैकी एकाने सगळं मांडायचं असतं. यंदा माझी पाळी की निकासिओची यावरून आईमार्फतच वाद झाला, आणि दिलंच गेलं नाही. आई तीन दिवस जेवली नव्हती.

त्या दिवशी हवा जरा जास्तच थांबलेली होती. एरवी टोटोराच्या रानात शिरलं की काळ्या पाणकोंबड्या पुढे पळतात, पोरं त्यांच्यामागे वेडी होतात. त्या दिवशी एक दिसली नाही. पुनोच्या भट्ट्यांचा धूर शहरावर आडवा पडून होता. पश्चिमेला डोंगरामागे एक पांढरा पट्टा होता, बारीक, धुतलेल्या फडक्यासारखा. मी त्याच्याकडे दोनदा पाहिलं.

"काय हो, पाऊस का?" ग्लॅडिसबाईंनी विचारलं.

"ऑगस्टात पाऊस नसतो बाई."

"मग तुम्ही सारखं तिकडे का बघताय?"

"मान आखडलीय."

डॉक्टरांना सगळ्याचे फोटो हवे होते. वल्हं मांडीवर ठेवून ते फोन काढायचे, कयाक आडवी व्हायची, मी जाऊन सरळ करायचो. पहिल्या बेटावर त्यांनी तासभर घालवला. टोटोराचा पांढरा बुंधा सोलून खाल्ला, दातांना उत्तम आहे म्हणाले, मग तिथल्या चार बायकांना तोंड उघडायला लावून त्यांचे दात तपासले. अकरा वाजून गेले. मी घड्याळ दाखवलं तर म्हणाले, "अहो, सुट्टी आहे आमची!"

वाटेत त्यांनी तो प्रश्न विचारला जो सगळेच विचारतात.

"ते करवतीचं खरं आहे का हो? भांडण झालं की बेट कापता म्हणे?"

हे मी शेकडो वेळा सांगितलंय. त्याचा माझा एक ठरलेला खेळ आहे. वल्ह्याची करवत करून दाखवतो, सासू कशी ओरडते तेही करतो, पाहुणे पोट धरून हसतात. त्या दिवशीही केलं. आवाज जरा चिरका निघाला, पण केलं.

"आणि आई असेल तर?" डॉक्टर हसत म्हणाले. "ती कुणाच्या वाटणीला?"

"वल्हं मारा डॉक्टरसाहेब," मी म्हणालो. "उशीर होतोय."

साडेबाराला आम्ही फिदेलिया मावशीच्या बेटावर पोचलो. ते रानाच्या आत, आडोशाला आहे. तिथे माझे पाहुणे नेहमी जेवतात. मावशीने ट्राउट मासे तळायला घेतले होते, चुन्यो, म्हणजे गारठ्यात वाळवलेले बटाटे, उकडून ठेवले होते. आणि चुलीपलीकडे निकासिओ बसला होता. आमची लहान वल्ह्यांची नाव त्याने काठाला बांधली होती. तिबुर्सिओ संध्याकाळी पुनोहून निलगिरीचे नवे खांब घेऊन इथेच येणार होता, त्याची तो वाट पाहत होता.

"या, केळीवाले या," तो म्हणाला. चार महिन्यांत त्याने माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

मी काही तरी खरमरीत बोलणार होतो. पण त्याच्या मांडीवर दोर होता. निळा. शेजारी आणखी तीन वेटोळी. तो त्यांची टोकं चरबी लावून मऊ करत होता.

"हे कुठले?" मी विचारलं.

"कुठले म्हणजे? माझेच. तुझ्या बापाचे आहेत का?" मग आपलाच बाप तोच, हे लक्षात येऊन तो जरा हसला. "सकाळी सोडून आणले. उद्या नव्या खांबांना लावायचेत. तुझ्या वाटणीत ठेवले असते तर वहिनीने परत दिले असते का मला?"

"चारी?"

"चारी. का? तुझे चार आहेत की. एक दिवस तुझ्या जिवावर राहिलं बेट तर काय बिघडतं?"

मी माझ्या कयाककडे गेलो, मागच्या कप्प्याचं झाकण उघडलं आणि माझे पिवळे दोर त्याच्यासमोर आणून टाकले.

निकासिओने त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. हातातला दोर तसाच धरून तो उभा राहिला. त्याच वेळी मावशीच्या झोपडीचं दार धाडकन आपटलं आणि चुलीतली राख आमच्या अंगावर उडाली. वारा आला होता.

"आई," निकासिओ म्हणाला.

बेटावर आई एकटी होती. नाव इथे होती, कयाक इथे होत्या. बेट बाहेरच्या कडेला होतं, दोर एकही नव्हता, आणि मधून एक तृतीयांश कापलेलं होतं.

मावशीने तिबुर्सिओला फोन लावला. तो वाऱ्यात ओरडत होता, आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. "बंदर बंद केलंय! कुणालाच सोडत नाहीत! पाच वाजेपर्यंत तरी नाही!" आईकडे फोन नव्हताच. दिलेला एक तिने पाण्यात पाडला होता, मुद्दाम पाडला असा माझा संशय होता.

"डॉक्टर, तुम्ही इथेच थांबा," मी म्हणालो आणि त्यांची दोन माणसांची कयाक ओढली. टोटोराच्या नावेने तीन तास लागले असते, लाकडी नावेने दोन. कयाकने, दोन दांडग्या माणसांनी, एक.

ग्लॅडिसबाईंनी आपलं जॅकेट काढून निकासिओला दिलं. तो कयाकमध्ये उभ्या जन्मात बसला नव्हता. पुढे बसवलं त्याला. "माझ्याकडे बघू नकोस," मी म्हणालो. "सरळ बघ. मी एक म्हटलं की उजवं, दोन म्हटलं की डावं."

पहिली दहा मिनिटं आमची वल्ही एकमेकांवर आपटत होती. मग जमलं. लहानपणी आम्ही दोघं एका नावेत अंडी गोळा करायला जायचो, तेव्हा जमायचं तसं. रानातल्या वाटेवर टोटोरा दोन्ही बाजूंनी आडवी झोपत होती, उठत होती. मग निकासिओ मागे न बघता म्हणाला,

"तुझे खुंट मी बघितले नाहीत दादा. ओली टोटोरा पसरलेली होती वर. म्हटलं दादाने थर टाकलाय, कशाला उकरा."

"एक," मी म्हणालो. "दोन."

"उचलून बघायला हवी होती. एवढंही सुचलं नाही मला. एका हाताने उचलून बघायची फक्त."

"एक. दोन."

तेव्हा सांगता आलं असतं. त्याची पाठ माझ्याकडे होती, त्याला माझं तोंडही दिसलं नसतं. मी एक-दोन मोजत राहिलो.

रानातून बाहेर पडलो तेव्हा आमच्या जागेवर आठ खांब पाण्यात उभे होते आणि मधे काही नव्हतं. लाटा त्या खांबांमधून जात होत्या. खूप दूर, मोठ्या पाण्यात, आमचं मचाण दिसत होतं. मी पाहुण्यांना चढवायचो ते. ते तिरकं झालं होतं.

वारा पाठीवर होता, त्यामुळे लवकर पोचलो. त्याचा आनंद मानावा असं काही नव्हतं. पाठीवरचा वारा परतताना तोंडावर असतो. जवळ गेलो तेव्हा बेटाचे दोन तुकडे झालेले होते. करवतीच्या रेघेवरून लाटांनी उरलेलं काम स्वतःच केलं होतं. निकासिओचा अर्धा भाग लांब गेला होता, त्याचे ठोकळे सुटून एकेक करून वेगळे होत होते, बासिलियाच्या चादरी पाण्यावर पसरल्या होत्या. आई माझ्या अर्ध्यावर होती. चूल विझवायला ती उठली होती, म्हणून तिकडे राहिली, एवढंच. ती झोपडीच्या दाराला दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"दोघं एका नावेत!" ती ओरडली. "यासाठी मला मोठ्या पाण्यात यावं लागलं होय रे!"

निकासिओ कडेवर उतरला. पायाखालची टोटोरा खचत होती, तो गुडघ्यापर्यंत आत जायचा, पाय उपसायचा. त्याने आईला उचललं, आणि तिला पुढच्या जागेत बसवलं. स्वतःचं जॅकेट काढून तिला घातलं. आमच्यात कुणालाच पोहता येत नाही. पाणी इतकं थंड की शिकणार कधी?

कयाकला दोनच जागा होत्या.

"तू जा," निकासिओ म्हणाला. "ही केळी मला एकट्याला हाकता येणार नाही वाऱ्यात. आईला रानात सोड आणि परत ये."

ते खरं होतं. त्याला येत नव्हतं, मला येत होतं. कुणीही हेच सांगितलं असतं. मी आजही कुणी विचारलं तर हेच सांगतो.

"दादा," त्याने कयाकची कड धरली होती. त्याचे ओठ निळे पडले होते. "चूक माझी आहे. मी थांबतो."

आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मधोमध बस," मी त्याला म्हणालो. "दाराजवळ नको. मधोमध, आणि हलू नकोस. तासाभरात येतो."

त्याने कड सोडली.

परतताना प्रत्येक लाट आईच्या छातीवर फुटत होती. मी पन्नास वल्ही मारायचो आणि आम्ही चार हात पुढे जायचो. ती थरथरत होती, पण तिचं बोलणं थांबत नव्हतं. गारठलेल्या माणसाला बोलू द्यावं, म्हणून मीही थांबवलं नाही.

"पहाटे मी जागी होते," ती म्हणाली. "तुला बघितलं मी. कोपऱ्याकोपऱ्यावर ओली टोटोरा पसरत होतास. निकासिओच्या बाजूलासुद्धा. मला इतकं बरं वाटलं रे. म्हटलं, थोरल्याचा राग गेला. म्हटलं, आता कापत नाहीत."

मी वल्हं मारत राहिलो.

"'मी गेले की कापाल' हे नुसतं तोंडाने म्हणाले. खरं तर म्हणूनच मी बाजाराला गेले नाही. म्हटलं, दोघं दुपारी येतील, त्यांना गरम काहीतरी असावं."

"आई," मी म्हणालो. "दोर काढले होते मी माझे. ते झाकायला पसरली."

तिची थरथर थांबल्यासारखी वाटली, मग पुन्हा सुरू झाली. रानापर्यंत ती पुढे एक शब्दही बोलली नाही.

रानाच्या तोंडाशी फिदेलिया मावशीचा नवरा नाव घेऊन आला होता. त्याने आईला उचलून घेतलं, घोंगड्यात गुंडाळलं. आईने माझ्या बाहीला धरलं आणि फक्त म्हणाली, "जा. आण त्याला."

मी गेलो. खरंच गेलो. हाताची सालं निघाली होती, तरी गेलो. वारा पाठीवर घेऊन मी त्या दिशेने वल्हं मारलं जिकडे मचाण होतं, आणि मचाण नव्हतं. सूर्य मावळेपर्यंत मी मोठ्या पाण्यात त्याला हाका मारत फिरलो. पाचनंतर तिबुर्सिओची बोट आली, मागून आणखी चार आल्या. त्यांनीच मला शोधलं. मी कुठल्या दिशेला चाललोय हे मला सांगता येत नव्हतं.

माझा अर्धा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, एका खडकाळ किनाऱ्याला लागलेला. झोपडी उभी होती, आतलं सामानही बरंचसं जागेवर होतं. मधला भाग मात्र खालून फाटला होता. तिथे एक माणूस जाईल एवढं भोक होतं. मधोमध.

निकासिओ सापडला नाही. आमचं तळं थंड आहे, ते माणसं वर पाठवत नाही.

आता आम्ही सगळे फिदेलिया मावशीच्या बेटाला जोडलेल्या नव्या तुकड्यावर राहतो, आई, आम्ही दोघं, बासिलिया आणि मुलं. तुकडा इतर बेटांच्या लोकांनी मिळून बांधून दिला. करवत पुन्हा कुणी मागितली नाही. कयाक मी विकल्या. लोक समाचाराला येतात, कोकाची पानं घेऊन बसतात, आणि सगळं कसं झालं ते विचारतात. मी दोरांचं सांगतो, दोघांनीही सोडले होते, असं सांगतो. त्यात खोटं काही नाही. ओल्या टोटोराचं मात्र बासिलियाच सांगते, कारण निकासिओने ते मावशीच्या बेटावरून निघता निघता सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं, आणि ते तिच्या कानावर आलं.

परवा तिबुर्सिओ आला होता. बासिलिया त्याला चहा देत होती, तिचा लहान मुलगा तिच्या घागऱ्याला धरून उभा होता.

"बघायला काय झालं होतं त्याला?" ती म्हणाली. आता ती रडतही नाही, चिडते. "नुसती टोटोरा उचलून बघायची होती. आईला मोठ्या पाण्यात लोटलंन्‌, आमचं वाटोळं केलंन्‌. एवढाही पोच नाही माणसाला!" ती माझ्याकडे वळली. "तुम्हीच सांगा दादा, तुम्ही असतात तर बघितलं नसतं का?"

आई दारात टोटोरा सोलत बसली होती. तिचे हात थांबले. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तिने आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही, बासिलियाला नाही, फोर्तुनाताला नाही. ती फक्त प्रत्येक वेळी हात थांबवते आणि वाट बघते.

तिबुर्सिओही माझ्याकडे बघत होता. पोरगंही.

"घाईत होता तो," मी म्हणालो.